सोरायसिस : केवळ कातडीचा आजार नव्हे

काही वर्षांपूर्वी नऊ वर्षांच्या एका मुलास त्याचे वडील माझ्याकडे घेऊन आले. मुलाचा घसा दुखून ताप आला होता. तो ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांत त्याच्या पाठीवर व पोटावर थेंबांएवढे लालसर, खवलेदार ठिपके उठले. घशातील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गानंतर मुलांमध्ये उद्भवणारा हा ‘गटेट’ प्रकारचा सोरायसिस होता. यथावकाश मुलाची त्वचा स्वच्छ झाली.

वडिलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि पाठीवर मात्र पंधरा वर्षांपासून जाड चट्टे होते. ते यंत्रमागावर काम करीत. पोट सुटलेले, खिशात तंबाखूची पुडी. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. घरच्यांशी बोलताना कळले की, पंधरा वर्षांत त्यांनी अनेक मलमे लावली, अनेक पथ्ये पाळली. परंतु त्यांचा रक्तदाब कोणीही मोजला नव्हता. त्या ‘कोणीही’मध्ये मीही येतो. दर भेटीत ते माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसत, आणि मी फक्त मुलाकडे पाहत असे.

त्यांचा मृत्यू सोरायसिसमुळेच झाला, असे मी म्हणणार नाही. एका रुग्णावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही. परंतु या आजाराकडे केवळ त्वचेचा आजार म्हणून पाहण्याची आपली सवय किती महाग पडू शकते, हे मला त्या दिवशी उमगले. प्रस्तुत लेख त्याच जाणिवेतून लिहिला आहे.

आजाराचे स्वरूप

निरोगी त्वचेच्या पेशी तळाशी तयार होऊन पृष्ठभागावरून गळून पडण्यास साधारण चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये हेच चक्र तीन ते पाच दिवसांत उरकते. अपक्व पेशींचे थर एकावर एक साचतात आणि चांदीसारखे पांढुरके खवले दिसू लागतात. याचे मूळ त्वचेत नसून शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेत आहे. आनुवंशिक कल असलेल्या व्यक्तीत संसर्ग, त्वचेवरील इजा, मानसिक ताण किंवा काही औषधे यांमुळे ही यंत्रणा चेतवली जाते. टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१७ आणि इंटरल्यूकिन-२३ ही दाह वाढविणारी द्रव्ये त्यात प्रमुख भूमिका बजावतात. ती केवळ त्वचेत राहत नाहीत. दाहाचा परिणाम सांधे, रक्तवाहिन्या आणि चयापचय यांवरही होतो.

घासल्या जाणाऱ्या किंवा खरचटलेल्या जागी नवे चट्टे उठणे, ही या आजाराची खूण आहे. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिश कोबनर यांच्या नावाने ती ओळखली जाते. हातापायांना सतत घर्षण होणाऱ्या कामगारांनी ती लक्षात ठेवावी.

शब्दांचा घोटाळा आणि त्याची किंमत

आपण बऱ्हाणपूरकर दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहतो. मराठीत ‘कोड’ म्हणजे पांढरे डाग. हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे महारोग. सोरायसिसचा या दोहोंशी काहीही संबंध नाही. तथापि चट्टे दिसताच शेजारीपाजारी यांपैकी एखादा शब्द उच्चारतात आणि लग्न, नोकरी, पंगत या साऱ्यांवर त्याची सावली पडते. हा गोंधळ केवळ आपलाच नव्हे. युरोपातही शतकानुशतके सोरायसिसची गणना महारोगात होत असे. १८४१ साली व्हिएन्नाचे फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी हे दोन आजार स्पष्टपणे वेगळे केले. महारोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो, त्यामुळे त्याची भीतीही निराधारच आहे.

सोरायसिस स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा कपड्यांतून पसरत नाही. पालकांपैकी एकास तो असला, तरी बहुतेक मुलांस होत नाही. लपविण्याच्या धडपडीतून येणारे नैराश्य मात्र खरे असते. ‘झोप लागते का, मन लागते का’ हे दोन प्रश्न विचारण्यास फारसा वेळ लागत नाही.

आयुष्य खरोखर घटते काय?

रुग्णाच्या मनातला हा प्रश्न सहसा ओठांवर येत नाही. त्याचे प्रामाणिक उत्तर असे आहे : सौम्य आजारात घटल्याचे आढळत नाही, तीव्र आजारात घटण्याचा धोका आहे.

डॉ. जोएल गेल्फंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींचा अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष मांडले. सौम्य सोरायसिस असलेल्यांचे मृत्यूचे प्रमाण इतरांइतकेच होते. पोटातून औषधे अथवा तत्सम उपचार घ्यावे लागलेल्या तीव्र रुग्णांत ते सुमारे दीडपट आढळले. असे पुरुष सरासरी ३.५ वर्षे आणि स्त्रिया ४.४ वर्षे आधी मरण पावल्या. त्याच गटाने २००६ साली दाखविले होते की, तीव्र सोरायसिस असलेल्या तीस वर्षांच्या व्यक्तीस हृदयविकाराच्या झटक्याचा धोका समवयस्कांच्या सुमारे तिप्पट असतो. साठाव्या वर्षी हा फरक बराच कमी, म्हणजे १.३६ पट होतो.

हे आकडे वाचून कोणी घाबरू नये. तिशीत हृदयविकाराचा मूळ धोकाच अत्यल्प असतो. त्याची तिप्पटही लहानच. शिवाय सरासरी म्हणजे एखाद्याचे भविष्य नव्हे. परंतु तरुण वयात जाड चट्टे घेऊन येणाऱ्या रुग्णाचे हृदय तपासावयास हवे, एवढा बोध आपण वैद्यकीय व्यावसायिकांनी अवश्य घ्यावा. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनांत सोरायसिससारख्या दीर्घकालीन दाहक आजारांची नोंद हृदयविकाराची जोखीम वाढविणारे घटक म्हणून केली आहे.

दाह रक्तवाहिन्यांना इजा करतो, हे त्याचे एक कारण. स्थूलपणा, मधुमेह, उच्च रक्तदाब, यकृतातील चरबी आणि तंबाखू यांचे प्रमाण या रुग्णांत अधिक असते, हे दुसरे. सोरायसिसची औषधे घेतल्याने हृदयही सुरक्षित होते काय, यावर अद्याप निर्णायक पुरावा नाही. रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवण्याचा आणि तंबाखू सोडण्याचा लाभ मात्र निःसंशय सिद्ध आहे. वजन घटविल्याने अनेकांचे चट्टेही कमी होतात.

बालकांविषयी थोडेसे

सोरायसिसच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत आजाराची सुरुवात बालपणी किंवा किशोरवयात होते. म्हणून हा विषय बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावरही यावयास हवा. अमेरिकन तज्ज्ञांच्या एका गटाने २०१७ साली सुचविले की, अशा मुलांचे वजन-उंचीचे गुणोत्तर दोन वर्षांपासून आणि रक्तदाब तीन वर्षांपासून दरवर्षी मोजावा. वजन अधिक असल्यास दहाव्या वर्षापासून साखर तपासावी. या तपासण्यांस ना मोठे यंत्र लागते, ना मोठा खर्च. सकाळी सांधे आखडणे किंवा एखादे बोट सबंध सुजणे, ही संधिवाताची सूचना असू शकते. ती दुर्लक्षिल्यास सांधे कायमचे वाकतात.

औषधे : दोन इशारे

पहिला इशारा पुड्यांविषयी. ‘आठ दिवसांत कातडी स्वच्छ’ करणाऱ्या निनावी पुड्यांत व गोळ्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. चट्टे पटकन मावळतात. परंतु औषध थांबताच आजार उसळतो. कधी अंगभर पुळ्या येतात, कधी सर्वांग लाल होऊन सोलते आणि जीवावर बेतते. पोटातून अथवा इंजेक्शनद्वारे दिलेले स्टेरॉइड या आजारात सहसा टाळावे.

दुसरा इशारा मेथोट्रेक्सेटविषयी. हे उत्तम व स्वस्त औषध असून त्याच्या जन्मकथेत एका भारतीयाचा वाटा आहे. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली फॉलिक आम्लविरोधी औषधे तयार झाली. त्यांतील अमिनोप्टेरिन १९४८ साली सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने पीडित बालकांवर वापरले, आणि १९५१ साली त्याचा सोरायसिसवरील गुण गबनर व सहकाऱ्यांनी नोंदविला. मेथोट्रेक्सेट हे त्याचेच भावंड. ते सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास प्राणघातक ठरते. म्हणून चिठ्ठीवर वाराचे नाव ठळक अक्षरांत लिहावे आणि घरातील एका जाणत्या व्यक्तीस समजावून सांगावे. गर्भवतीस ते वर्ज्य आहे. मद्यपान टाळावे, रक्त व यकृताच्या तपासण्या चुकवू नयेत. जैविक औषधांनी गेल्या काही वर्षांत आजाराचे चित्र पालटले आहे. मात्र ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी आपल्या देशात अनिवार्य समजावी.

शेवटी

एक साधी विनंती. सोरायसिसचा रुग्ण कोणत्याही तक्रारीसाठी आला, तरी रक्तदाबाचा पट्टा त्याच्या दंडाला बांधावा, कंबर मोजावी, साखर तपासावी, तंबाखूबद्दल विचारावे. रुग्णांनी व त्यांच्या आप्तांनीही संकोच न करता या तपासण्या मागून घ्याव्यात.

तो मुलगा आता तरुण आहे. मधूनमधून भेटतो. चट्टे पुन्हा उठले नाहीत, तंबाखूला तो शिवत नाही. तरीही आला की आधी दंड पुढे करतो. त्याला आता सांगावे लागत नाही.