मुलाच्या इमिग्रंट व्हिसाची मुलाखत : तयारी कागदांची, वयाची आणि मनाची

अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकाने केलेला अर्ज कित्येक वर्षे सरकारी दप्तरात पडून राहतो आणि एके दिवशी अचानक मुलाखतीचे पत्र येते. पवईसारख्या उपनगरात हा अनुभव नवा नाही. आयआयटीच्या आवारापासून हिरानंदानी गार्डन्सपर्यंत अशी अनेक घरे आहेत, ज्यांच्यातील कोणी ना कोणी सातासमुद्रापार गेलेले आहे. कुठे वडील तिकडे आणि मूल आजी-आजोबांकडे असते. कुठे आत्याने किंवा मामाने सगळ्या कुटुंबासाठी अर्ज केलेला असतो. पत्र आले की घरात धावपळ सुरू होते ती मुलाने काय बोलावे याची. प्रत्यक्षात मुलाखत काही मिनिटांची असते आणि तिचा निकाल बहुतेक वेळा त्याआधीच कागदांत ठरून गेलेला असतो. मुलाचे वय, त्याचा जन्मदाखला आणि अर्ज करणाऱ्याशी असलेले नाते या तीन गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, हे या तयारीचे सार आहे.

आधी गट ओळखावा

कौटुंबिक इमिग्रंट व्हिसाचा पाया म्हणजे अमेरिकेतील नातेवाइकाने भरलेला ‘आय-१३०’ अर्ज. अर्जदार पालक अमेरिकी नागरिक असेल आणि मूल अविवाहित व २१ वर्षांखालील असेल, तर ते ‘जवळचे नातेवाईक’ या गटात येते. या गटाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. पालक ग्रीनकार्डधारक असेल तर मूल ‘एफ-२ए’ गटात जाते आणि तेथे रांग असते. अमेरिकी नागरिकाने भावंडासाठी अर्ज केला असेल, तर तो ‘एफ-४’ गट. त्यात भावंडाची २१ वर्षांखालील अविवाहित मुले आईवडिलांच्या जोडीने जाऊ शकतात. भारतीयांसाठी ही रांग सर्वांत लांब पल्ल्याच्या रांगांपैकी एक आहे. २०२५ मध्ये या गटात २००६ साली दाखल झालेल्या अर्जांचा क्रमांक लागत होता. अर्ज झाला तेव्हा बालवाडीत असलेले मूल क्रमांक येईपर्यंत पदवीधर होते, ते यामुळेच.

अर्जदार पालक अमेरिकी नागरिक असेल, तर आणखी एक गोष्ट आधीच तपासावी. मुलाच्या जन्मापूर्वी पालक अमेरिकेचा नागरिक झालेला असेल आणि त्याने तेथे कायद्याने ठरवून दिलेला काळ वास्तव्य केलेले असेल, तर मूल भारतात जन्मले तरी जन्मतःच अमेरिकी नागरिक ठरू शकते. आईवडिलांपैकी एकच नागरिक असल्यास हा काळ सर्वसाधारणपणे पाच वर्षांचा असून त्यातील दोन वर्षे पालकाच्या वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची असावी लागतात. अशा मुलाला इमिग्रंट व्हिसा मिळत नाही, कारण त्याला त्याची गरजच नसते. त्याच्यासाठी वकिलातीत जन्माची नोंद करून अमेरिकी पासपोर्ट घेण्याचा स्वतंत्र मार्ग आहे.

एकविसाव्या वर्षाचा उंबरठा

या प्रक्रियेतील सर्वांत कठोर आकडा म्हणजे २१. त्यापुढे गेलेली व्यक्ती कायद्याच्या भाषेत ‘मूल’ राहत नाही. रांगेमुळे होणारा हा अन्याय कमी करण्यासाठी अमेरिकेने ऑगस्ट २००२ मध्ये ‘चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’ लागू केला. अमेरिकी नागरिकाच्या मुलाचे वय या कायद्यानुसार ‘आय-१३०’ दाखल झाल्याच्या दिवशी गोठते. ग्रीनकार्डधारक पालक मध्येच नागरिक झाला, तर ते त्या दिवशी गोठते.

रांगेतील गटांसाठी हिशेब वेगळा आहे. व्हिसाचा क्रमांक लागला त्या दिवशीच्या वयातून, ‘आय-१३०’ अर्ज मंजुरीविना जितका काळ पडून होता तितका काळ वजा करायचा. समजा, आत्याने भावासाठी केलेला अर्ज मंजूर व्हायला पाच वर्षे लागली आणि क्रमांक आला तेव्हा भाची २३ वर्षे ४ महिन्यांची होती. कायद्यासाठी तिचे वय १८ वर्षे ४ महिने धरले जाईल आणि ती आईवडिलांबरोबर जाऊ शकेल. तोच अर्ज एका वर्षात मंजूर झाला असता, तर तिचे वय २२ वर्षे ४ महिने ठरले असते आणि तिला मागे राहावे लागले असते. कार्यालयाची दिरंगाई येथे मुलीच्या पथ्यावर पडते. त्यामुळे अर्ज दाखल झाल्याची पोच आणि मंजुरीची सूचना हे दोन्ही कागद सोन्यासारखे जपावेत.

या सवलतीला दोन अटी आहेत. क्रमांक लागल्यापासून एका वर्षाच्या आत व्हिसासाठी पाऊल उचललेले असावे; ‘डीएस-२६०’ अर्ज भरणे किंवा व्हिसाचे शुल्क भरणे हे असे पाऊल मानले जाते. दुसरी अट म्हणजे मूल अविवाहित असावे, आणि तेही अमेरिकेत प्रवेश होईपर्यंत. व्हिसा हाती आला म्हणून निघण्यापूर्वी घाईने लग्न नोंदवले, तर तो व्हिसाच निरुपयोगी ठरतो. साखरपुड्याला हरकत नाही. लग्न मात्र तिकडे पोहोचल्यानंतरच करावे.

एकदा हिशेबात वय ओलांडले की दिलासा फारसा उरत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१४ मध्ये ‘स्कियालाबा विरुद्ध क्वेयार द ओसोरिओ’ या खटल्यात पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने निर्णय दिला. भावंडांच्या किंवा विवाहित अपत्यांच्या अर्जातून वयामुळे वगळल्या गेलेल्या मुलांना जुन्या अर्जाची तारीख पुढे वापरता येणार नाही, असे त्यात ठरले. अशा वेळी आईवडिलांनी आधी जायचे, ग्रीनकार्ड घ्यायचे आणि मुलासाठी नवा अर्ज करून पुन्हा अनेक वर्षांच्या रांगेत उभे राहायचे, एवढाच मार्ग राहतो. म्हणून हा हिशेब मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात नव्हे, तर क्रमांक जवळ येत असतानाच मांडावा.

जन्मदाखला : लहान कागद, मोठा घोळ

मुलांच्या प्रकरणांत सर्वाधिक अडचण येते ती जन्मदाखल्याची. जन्माची नोंद राहत्या पत्त्यावर होत नाही. मूल जिथे जन्मले तिथे होते. पवई महापालिकेच्या ‘एस’ विभागात येते आणि त्याचे कार्यालय भांडुपला आहे. मात्र प्रसूती घाटकोपरच्या रुग्णालयात झाली असेल तर नोंद ‘एन’ विभागात आणि मुलुंडला झाली असेल तर ‘टी’ विभागात सापडते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यामुळे पवईत वाढलेल्या मुलाचा दाखला सांगली किंवा जळगाव येथून आणावा लागतो, हेही नेहमीचेच.

नावांचा प्रश्न याहून नाजूक. जन्मनोंदणी २१ दिवसांत करायची असते आणि तोवर बारसे झालेच असेल असे नाही. त्यामुळे अनेक जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरी असते. कायद्यानुसार नाव नंतर नोंदवता येते, पण ते काम मुलाखतीपूर्वीच उरकावे. आईचे नाव कुठे माहेरचे तर कुठे सासरचे लागलेले असते. तेव्हा विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत असले की दोन्ही नावांची एकच व्यक्ती असल्याचे दाखवता येते. नाव अधिकृतपणे बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जोडावी. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव समाविष्ट करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे एकाच घरातील मोठ्या आणि धाकट्या भावंडांच्या नावांची मांडणी यापुढे वेगळी दिसू शकते. अर्ज भरताना प्रत्येकाचे नाव पासपोर्टाप्रमाणेच लिहावे आणि फरकाचे कारण सांगण्याची तयारी ठेवावी.

जन्माची नोंद वर्षभरानंतर झाली असेल, तर केवळ दाखल्यावर विसंबू नये. अशी उशिरा झालेली नोंद अधिकाऱ्याला पुरेशी वाटेलच असे नाही. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाची नोंदवही, शाळेच्या पहिल्या प्रवेशाचा उतारा, मुलाच्या लहानपणापासूनची कौटुंबिक छायाचित्रे असे त्या काळातलेच पुरावे जमा करावेत. डीएनए चाचणी आपणहून करून घेऊ नये. वकिलातीने सुचवली, तरच ती ठरवून दिलेल्या पद्धतीने करायची असते. केवळ मराठीत असलेल्या दाखल्यांना अनुवादकाच्या सहीचे इंग्रजी भाषांतर जोडावे.

दत्तक मुलांबाबत भावनेपेक्षा कायदा पुढे जातो. मुलबाळ नसलेल्या दिराने पुतण्याला दत्तक घेतले, एवढ्याने अमेरिकेचा व्हिसा मिळत नाही. भारत आणि अमेरिका हे दोन्ही देश आंतरदेशीय दत्तकविधानाच्या हेग कराराशी बांधलेले आहेत. त्यामुळे दत्तकविधानापूर्वीच त्या चौकटीची माहिती घेणे आवश्यक ठरते. सावत्र मुलाच्या बाबतीत आईवडिलांचा विवाह मुलाचे वय १८ होण्यापूर्वी झालेला असावा लागतो.

शुल्क, हमीपत्र आणि वैद्यकीय तपासणी

कागदपत्रे प्रथम न्यू हॅम्पशायर राज्यातील ‘नॅशनल व्हिसा सेंटर’कडे ऑनलाइन जातात. व्हिसा अर्जासाठी प्रत्येकी ३२५ डॉलर, तर आर्थिक हमीपत्राच्या छाननीसाठी १२० डॉलर शुल्क आहे. ‘आय-८६४’ या हमीपत्रात अर्जदार नातेवाइकाचे उत्पन्न अमेरिकेच्या दारिद्र्य निकषाच्या किमान १२५ टक्के असल्याचे सर्वसाधारणपणे दाखवावे लागते. ते कमी पडत असल्यास तेथील दुसरा हमीदार चालतो. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पासपोर्ट कार्यालयाकडून पोलिस मंजुरीचे प्रमाणपत्रही घ्यावे लागते.

वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते; घरच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र चालत नाही. दोन ते चौदा वर्षे वयाच्या मुलांची क्षयरोगासाठी रक्तचाचणी होते आणि पंधरा वर्षांपासून पुढे छातीचा एक्स-रे काढतात. लहानपणी बीसीजी टोचलेले असले, तरी त्यामुळे ही रक्तचाचणी दूषित होत नाही. ती सकारात्मक आली म्हणजे मुलाला क्षय झालाच, असे नाही. पुढील तपासण्या होतात. थुंकीच्या कल्चरची वेळ आली, तर मात्र निकालाला साधारण दोन महिने लागतात. तिकिटे आधी काढून ठेवू नयेत, ती याचसाठी.

लसीकरणाची नोंदवही महिनाभर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावी. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस मिळते. गालगुंड आणि कांजिण्या यांच्या लसी त्यात नाहीत. नेमक्या याच राहिलेल्या असतात. कोविड लसीची सक्ती २०२५ मध्ये उठली आहे.

मुलाखतीचा दिवस

भारतातील बहुतांश इमिग्रंट व्हिसांच्या मुलाखती मुंबईतच होतात. पूर्वी त्यासाठी ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसला जावे लागे. नोव्हेंबर २०११ पासून वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. पवईकरांसाठी हे अंतर कमी असले, तरी सकाळी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडची गर्दी गृहीत धरून निघावे. मोबाइल आणि मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत. पत्रात ज्यांची नावे आहेत, त्यांनी मुलाखतीला जायचे असते. मूल तान्हे असले, तरी त्याला घरी ठेवण्याचे परस्पर ठरवू नये. पासपोर्ट, पत्र, ‘डीएस-२६०’ची पोच, मूळ दाखले व त्यांच्या प्रती आणि छायाचित्रे एका फायलीत क्रमाने लावावीत.

राहता राहिली मुलाची तयारी. उत्तरे पाठ करून घेणे हा सर्वांत वाईट उपाय. आजीजवळ वाढलेले मूल पुष्कळदा आजीलाच ‘आई’ म्हणते. ‘तुझी आई कुठे आहे’ या प्रश्नावर ते आजीकडे बोट दाखवते आणि समोरच्या अधिकाऱ्याला नात्याविषयी शंका येते. मुलाला खरे नाते समजावून सांगितले, तर हा प्रसंग टळतो. तिकडे राहणाऱ्या पालकाचे नाव, गाव, काम आणि त्यांची शेवटची भेट एवढे त्याला ठाऊक असले तरी पुरते. याहून गंभीर बाब म्हणजे दत्तक किंवा सावत्र असल्याचे मुलाला न सांगणे. फायलीत ही माहिती असते आणि तिच्यावर मुलासमोरच प्रश्न होऊ शकतो. हे सत्य त्याला घरी, मायेच्या माणसांकडून आधी कळणे इष्ट. व्हिसाच्या खिडकीपाशी एखाद्या परक्याच्या तोंडून कळले, तर ती जखम व्हिसा मिळूनही भरत नाही.

मोठ्या मुलांनी पूर्वीचे व्हिसा अर्ज आठवून पाहावेत. कधी काळी पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करताना, आपल्या नावे इमिग्रंट अर्ज झाला आहे का, या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर दिले असेल, तर त्याचा खुलासा सरळ करावा. चूक मान्य करण्याने विलंब होतो. खोटे बोलण्याने कायमचा मज्जाव होऊ शकतो.

एखादा कागद कमी पडला, तर अधिकारी ‘२२१-जी’ या कलमाखाली पत्र देतो. तो तूर्तास नकार असतो. मागितलेला कागद एका वर्षाच्या आत दिला की प्रकरण पुढे सरकते. व्हिसा मिळाल्यानंतर त्याची मुदत बहुधा वैद्यकीय अहवालाशी बांधलेली आणि सहा महिन्यांपर्यंतची असते. तिच्या आत प्रवेश करावा आणि तत्पूर्वी ग्रीनकार्डाचे २३५ डॉलर शुल्क भरावे. नागरिक पालकाचे १८ वर्षांखालील मूल इमिग्रंट व्हिसावर तेथे जाऊन त्या पालकाच्या कायदेशीर ताब्यात व सोबत राहू लागले, की ते २००० सालच्या बालनागरिकत्व कायद्याने आपोआप अमेरिकी नागरिक होते. त्याच्यासाठी हा व्हिसा एकाच प्रवासापुरता असतो. म्हणूनच जन्मदाखल्यावरील एक अक्षर, अर्जावरील एक तारीख किंवा मुलाला न सांगितलेली एक गोष्ट, यांपैकी काहीही मुलाखतीच्या दिवसावर सोडू नये.