एसी सुरू होईना? रिमोट खाली ठेवा!

मे महिना, दापोलीजवळचा मुक्काम, भाड्याच्या कॅम्परव्हॅनमध्ये आम्ही पाच जण आणि एसीतून नुसती कोमट हवा! ग्रुपमधला प्रत्येक जण एकदम मेकॅनिक झाला. ‘गॅस संपलाय’, ‘कॉम्प्रेसर गेला’, ‘मालकाकडून पैसे परत घ्या’. रिमोट हातोहात फिरत होता. ऑफ-ऑन, ऑफ-ऑन. नंतर कळलं, अर्धा घोळ त्या रिमोटनेच घातला होता.

महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. तुमच्याही ग्रुपवर असा बेत शिजत असेल, तर एवढं वाचाच.

कॉम्प्रेसर बंद झाला, की आतल्या गॅसचा दाब एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असतो. तो समान व्हायच्या आत कॉम्प्रेसर पुन्हा सुरू केला, तर मोटरवर प्रचंड ताण येतो. म्हणून बऱ्याच एसींमध्ये साधारण तीन मिनिटांचा टायमर असतो. तोवर फक्त पंखा फिरतो. हा बिघाड नाही. पण तुम्ही वैतागून ऑफ-ऑन केलंत, की टायमर पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो! तेव्हा मोड ‘कूल’वर आहे ना, तापमान खोलीपेक्षा कमी लावलंय ना, एवढं बघा आणि शांत बसा.

आम्ही बसलो. तीन मिनिटांनी ‘हूंऽऽ’ असा आवाज आला आणि एमसीबी पडला. आता मात्र खरा बिघाड होता. कॅम्पसाइटच्या काकांनी आमची वायर हातात घेतली आणि हसले. ‘अरे, ही मोबाइल चार्जिंगची वायर, हिच्यावर एसी चालवताय?’

सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त करंट ओढतो. वायर लांब आणि बारीक असेल, तर व्होल्टेज वाटेतच पडतं. काकांनी जाड वायर दिली, 16 अँपिअरच्या सॉकेटला लावली आणि एसी सुरू! प्लग किंवा वायर हाताला गरम लागली, तर तिथेच थांबा. इन्व्हर्टरवर असाल, तर इंडक्शन, किटली आधी बंद करा. जनरेटर स्थिर होईपर्यंतही काही सेकंद जातात.

एवढं करूनही नुसता आवाज येत असेल, तर कपॅसिटर कमजोर झालेला असू शकतो. तो स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज साठलेला असू शकतो. मेकॅनिकच बोलवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. वैतागून आमच्यातला एक जण म्हणाला होता, ‘जनरेटर दाराशी आणून रात्रभर चालू ठेवू.’ 2024 च्या डिसेंबरमध्ये केरळमधल्या वडकरा इथे उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघांचा जीव गेला. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला ना रंग, ना वास. झोपेत कळतही नाही. म्हणून जनरेटर किंवा इंजिन चालू ठेवून आत झोपायचं नाही, म्हणजे नाही!

एसी नाहीच चालला, तर खिडक्या उघडा, चटई बाहेर टाका. एक रात्र घामात काढली, तर बिघडत नाही. तेवढीच गप्पांची मैफल!