तबेल्याची वास्तू आणि वैभवाचा ताळेबंद

इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातील चॅट्सवर्थ हा डेव्हनशरच्या ड्यूकांचा प्रासाद जगभरच्या प्रवाशांना ठाऊक आहे. त्यांचे लक्ष साहजिकच तेथील चित्रांकडे आणि कारंज्यांकडे जाते. परंतु या वैभवाचा हिशेब ज्याला समजून घ्यावयाचा असेल, त्याने प्रासादाच्या ईशान्येला चढावर उभ्या असलेल्या तबेल्याकडे आधी वळावे.

काही काळ ब्रिटनचा पंतप्रधान असलेल्या चौथ्या ड्यूकने हे काम जेम्स पेन या वास्तुशिल्पज्ञाकडे सोपविले. १७५८ ते १७६७ या काळात ही वास्तू उभी राहिली. प्रासादातून दिसणारे देखावे निर्वेध व्हावेत म्हणून जुने तबेले पाडण्यात आले होते. राबणाऱ्यांचा वावर धन्याच्या नजरेआड असावा, ही त्या काळच्या उमरावांची अभिरुची त्यातून स्पष्ट होते.

मात्र दृष्टीआड केलेल्या या वास्तूलाही महालाचेच रूप देण्यात आले. मधे चौक, भोवती दुमजली दगडी बांधकाम, प्रत्येक बाजू सुमारे १९० फूट लांब. चार कोपऱ्यांवर ठेंगणे मनोरे, वेशीवर घड्याळाचा मनोरा व त्यावर घुमटी. दर्शनी भागी डोरिक पद्धतीचे स्तंभ आणि त्यांच्यावर कुलचिन्हाचे भव्य शिल्प. त्यातील दगडी सांबरांना शिंगे मात्र खरी बसविली आहेत. आत ८० घोड्यांची ठाणी होती, लोहारशाळा होती. वरच्या मजल्यावर धान्याची कोठारे आणि मोतद्दारांची राहण्याची जागा. चंदी आणि चाकर एकाच माळ्यावर ठेवणारी ही रचना सोयीची होती खरी. पण धन्याच्या खतावणीत दोन्ही रकमा शेजारीशेजारी पडत, हेही ती सांगून जाते. पुढे १८३० नंतरच्या दशकात सहाव्या ड्यूकने मागील बाजूस बग्ग्यांसाठी स्वतंत्र इमारत जोडली.

मोटारगाडी आल्यावर या भांडवलाचे प्रयोजनच संपले. १९३९ साली अखेरचे घोडे गेले आणि तबेल्याची गोदामे व मोटारखाने झाले. १९५० साली दहावा ड्यूक निधन पावला, तेव्हा वारसाकराचा दर ८० टक्के होता. त्यापोटी जमिनी, कलाकृती आणि हार्डविक हॉल हा दुसरा प्रासादही या घराण्याला सोडावा लागला. अशा परिस्थितीत ८० घोड्यांचा रिकामा तबेला केवळ सुंदर आहे म्हणून कोण सांभाळणार? तो टिकला, कारण त्याला नवे काम मिळाले. मोतद्दारांच्या खोल्यांतून सेवकांसाठी व निवृत्तांसाठी बिऱ्हाडे झाली. बग्गीखान्यात उपाहारगृह आले. आज या चौकाभोवती प्रवाशांची वर्दळ असते.

जुन्या वास्तूंचे पावित्र्य जपू पाहणाऱ्यांना हा व्यापार रुचत नाही. त्यांची हळहळ समजण्यासारखी असली, तरी तर्काला धरून नाही. तबेला हा मुळातच उपयोगासाठी बांधलेला. उत्पन्न देऊन स्वतःची डागडुजी भागविणे हे त्याच्या प्रकृतीशी सुसंगतच आहे. खरा धोका निराळा आहे. नव्या उपयोगाच्या ओघात ठाणी, कोठारे आणि माळ्यावरच्या खोल्या यांचा अर्थच पुसला गेला, तर मागे उरेल ती केवळ कुलचिन्हाची दर्शनी भिंत. ज्यांच्या श्रमावर ते वैभव चालत होते त्यांची नावे त्या भिंतीवर कधीच नव्हती. त्यांची साक्ष इमारतीच्या रचनेतच आहे. म्हणून छपराच्या दुरुस्तीइतकेच त्या रचनेच्या जतनालाही संरक्षणाच्या खर्चात स्थान असले पाहिजे.