ठाणे अंमलदाराची वही

जुन्या दगडी पोलीस ठाण्याच्या इमारतीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. आत गेले आणि दारासमोरच्या टेबलापाशीच थांबले. रात्रपाळीच्या ठाणे अंमलदार, एक हवालदार बाई, स्टेशन डायरी लिहीत होत्या. दोघेजण गस्तीला निघाले होते. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, वेळ लिहिली, दोघांचे बक्कल नंबर, गाडीचा नंबर, आणि शेवटी ‘रवाना’. मागोमाग पाकीट हरवलेला एक मुलगा आला. पुढचा नोंद क्रमांक त्याचा. मजकूर संपला की ओळीत उरलेल्या जागेवर त्या रेघ मारतात. मोकळी जागा सोडायची नाही, हे त्यांच्या हाताला इतकं सवयीचं झालंय की बोलता बोलताही रेघ सुटत नाही.

मला या वहीचा सगळा जीव त्या रेघेत दिसला. सातव्या आणि आठव्या नोंदीच्या मध्ये मागाहून काही घुसडता येत नाही.

ही वही बंधनकारक होण्याआधी, 1857 च्या उठावात, मुंबईत चार्ल्स फोर्जेट हा पोलीस अधिकारी वेश पालटून फौजेतल्या शिपायांच्या बैठका ऐकत असे. त्याने कट उघडकीला आणला आणि दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. असा कारभार एका माणसाच्या कानांवर चालतो. सरकारला संबंध मुलखाची व्यवस्था हवी होती. 1860 मध्ये पोलीस आयोग बसला, 1861 चा कायदा आला आणि त्याच्या 44 व्या कलमाने ठाण्यात डायरी ठेवणं बंधनकारक केलं. तक्रारी, अटक झालेल्यांची नावं, जप्त केलेली शस्त्रं, तपासलेले साक्षीदार, सारं तिच्यात लिहायचं. जिल्हा दंडाधिकारी ती कधीही मागवून पाहू शकत असे. मुंबई इलाख्याने आपले पोलीस कायदे वेगळे केले, तरी डायरी इथेही रुजलीच. रयतेवर नजर ठेवणाऱ्या शिपायावर साहेबाची नजर राहावी, एवढ्यासाठीच ती होती.

आज तिचा खरा उपयोग रयतेलाच आहे. कोठडीत माणूस दगावला, तर त्याला किती वाजता आणलं हे आधी डायरीत शोधतात. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बजावलं, की दखलपात्र गुन्ह्याची प्रत्येक खबर डायरीत उमटलीच पाहिजे, मग गुन्हा दाखल होवो की प्राथमिक चौकशी.

पण लिहिणारा माणूस एकच. मी बसले होते तेवढ्यात फोन खणखणला, वायरलेसवर निरोप आला, लॉकअपमधल्या माणसाने पाणी मागितलं आणि दोन भांडणारे शेजारी एकदमच आत शिरले. बाई चिठ्ठीवर वेळा टिपत गेल्या. गर्दी ओसरल्यावर त्या वेळा वहीत उतरल्या. इथे बाई प्रामाणिक होत्या. पण चिठ्ठी आणि वही यांच्या मधल्या अर्ध्या तासात काय लिहायचं नि काय गाळायचं, हे ठरवायला दुसऱ्या कुणालाही वाव मिळतो. 2016 मध्ये मुंबईत देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तो अशा कामाच्या थकव्यावर उतारा म्हणून. सण आला, मोर्चा निघाला, की माणसं बंदोबस्ताला जातात आणि टेबलावर पुन्हा एकटा अंमलदार उरतो. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले. कॅमेऱ्यात तक्रार घेऊन आलेली बाई दिसेल, तिचं बोलणंही ऐकू येईल. पण ते वहीत नोंदवायला अंमलदारच लागतो. आणि नवऱ्याने मारलं म्हणून आलेल्या बाईला ‘घरी जा, समजुतीने घ्या’ म्हणून परत पाठवलं, तर त्या रात्रीच्या डायरीत तिचा क्रमांकच पडत नाही. नोंदी सलग असतात, रेघाही जागच्या जागी असतात, आणि तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला त्या पानात काहीच खोट सापडत नाही.