कड साफ झाली का?

नाकाच्या शेंड्यावरचा बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग काढताना सर्जनची पंचाईत होते ती कडेपाशी. जास्त कापावं तर नाकाचा आकार जातो, कमी कापावं तर गाठ पुन्हा उगवते. अमेरिकेत फ्रेडरिक मोझ यांनी १९३०च्या दशकात तोडगा काढला: पातळ थर काढायचा, त्याची सगळी कड मायक्रोस्कोपखाली तपासायची, जिथं रोग उरलाय तिथंच पुन्हा कापायचं. आज दर फेरीला तुकडा गोठवून, काप घेऊन रंगवण्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. रुग्ण बधिर नाकावर पट्टी लावून ताटकळतो. लेसरवर चालणारा कॉन्फोकल मायक्रोस्कोप कड तपासायचं हे काम काही मिनिटांत उरकतो. ताजा तुकडा अ‍ॅक्रिडिन ऑरेंज या रंगद्रव्यात बुडवला की पेशींची केंद्रकं लेसरखाली चमकतात आणि कर्करोगाचे दाट पुंजके उठून दिसतात. थेट त्वचेवरही हा मायक्रोस्कोप टेकवता येतो. मात्र लेसर जेमतेम पाव मिलिमीटर आत पोचतो, त्यामुळे खोल रुतलेल्या गाठीपुढे त्याचं फारसं चालत नाही.