काढलेले ॲप जाते कुठे?

दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागे खोचलेली बोटभर लांबीची स्टिक तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. वाय-फायवरून येणारे चित्रपट, मालिका आणि क्रिकेटचे सामने ती पडद्यावर दाखवते. नवी असताना रिमोटची कळ दाबताच कामाला लागणारी ही स्टिक वर्ष-दोन वर्षांत मंदावते. कळ दाबून आपण वाट पाहत बसतो आणि मग एके दिवशी पडद्यावर सूचना येते : जागा शिल्लक नाही.

आमच्या घरी ही सूचना आली तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने रिमोट हाती घेतला. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला यात काय अवघड? नको असलेली ॲप्स काढता काढता मी आईच्या भजनांच्या ॲपपाशी आलो. ते काढायचे नव्हते. थोडी जागा मोकळी व्हावी म्हणून 'क्लिअर डेटा' हा पर्याय तेवढा दाबला. संध्याकाळी आईने ॲप उघडले, तर तिने वर्षभर एकेक करून निवडून ठेवलेल्या भजनांची यादी नाहीशी झालेली! ती रागावली नाही. "अरे, पुसण्याआधी विचारायचं तरी," एवढेच म्हणाली.

मित्रहो, 'काढणे' आणि 'पुसणे' हे शब्द आपण सहज वापरतो. पण स्टिकच्या आत त्यांचे अर्थ निरनिराळे आहेत. ते आज समजून घेऊ.

जागेचा हिशेब

समजा, खोक्यावर '८ जीबी' असे छापले आहे. म्हणजे ८ अब्ज बाइट. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून एकूण ६४ अब्ज बिट. प्रत्येक बिट म्हणजे एक 'शून्य' किंवा एक 'एक'. आता संगणकाची मोजणी २ च्या घातांनी चालते. तो १०२४ × १०२४ × १०२४ बाइटांना एक जीबी म्हणतो. या मापाने ८ अब्ज बाइट भरतात सुमारे ७.४५ जीबी. भागाकार करून पाहा! त्यातूनही स्टिक चालवणारी मूळ कार्यप्रणाली आपला वाटा घेते. तुमच्या हाती साधारण ५ जीबीच्या आसपास जागा उरते.

या जागेत प्रत्येक ॲप तीन प्रकारचे सामान ठेवते. पहिले, ॲप स्वतः. दुसरे, 'कॅश' : वारंवार लागणारी चित्रे वगैरे पुन्हा पुन्हा मागवावी लागू नयेत म्हणून केलेला तात्पुरता साठा. तो पुसला तरी बिघडत नाही, पुन्हा तयार होतो. तिसरे, 'डेटा' : तुमचे खाते, आवडीनिवडी, याद्या. यांतले जे फक्त स्टिकवरच असते, ते पुसले की गेलेच. मी पुसला तो हाच.

इलेक्ट्रॉनांची कोठडी

हे सामान प्रत्यक्षात कशाच्या रूपात असते? इलेक्ट्रॉनांच्या! १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॉवन कांग आणि सायमन झी या शास्त्रज्ञांनी एक विशेष ट्रान्झिस्टर सुचवला. त्यात वाहक पदार्थाचा एक तुकडा चहूबाजूंनी विसंवाहकाने वेढलेला असतो. जणू दार नसलेली कोठडी. तिच्यात इलेक्ट्रॉन कोंडले, की वीज बंद केली तरी ते वर्षानुवर्षे आतच राहतात. जपानमधील तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली या तत्त्वावर आधारलेली 'फ्लॅश' स्मृती जगापुढे मांडली. पुष्कळ कप्पे एकदम पुसण्याची तिची रीत पाहून त्यांच्या सहकाऱ्याला छायाचित्रकाराच्या फ्लॅशची आठवण झाली, आणि तेच नाव पडले. आपल्या स्टिकमध्ये असते ती याच घराण्यातली, १९८७ साली मांडली गेलेली 'नँड फ्लॅश' स्मृती.

पण दार नसलेल्या कोठडीत इलेक्ट्रॉन शिरतात कसे? भिंतीची जाडी असते मिलिमीटरच्या सुमारे एक लाखाव्या भागाइतकी. तिच्यावर सुमारे २० व्होल्टचा दाब दिला, की काही इलेक्ट्रॉन भिंत ओलांडून न जाता तिच्यातून आरपार जातात. भिंतीवर फेकलेला चेंडू असे कधीच करणार नाही. इलेक्ट्रॉन करतो, कारण त्याला पुंजयामिकीचे नियम लागू पडतात. दाब उलट दिला की इलेक्ट्रॉन बाहेर येतात. हेच खरे पुसणे. आणखी एक गंमत : साध्या रचनेत इलेक्ट्रॉन भरलेला कप्पा 'शून्य' समजतात आणि रिकामा कप्पा 'एक'. म्हणजे कोऱ्या पाटीवर शून्ये नसून सगळे एकच एक असतात!

चाळीचा नियम

इलेक्ट्रॉनांची ही ये-जा भिंतीला थोडी थोडी झिजवते. काही हजार वेळा पुसल्यावर कप्पा निकामी होऊ लागतो. शिवाय रचनाच अशी आहे, की लिहिता येते एकेका 'पानावर', पण पुसावा लागतो अनेक पानांचा अख्खा 'गठ्ठा'.

एक चाळ डोळ्यांपुढे आणा. तिचा नियम असा : नवा भाडेकरू घ्यायचा तर रंग दिलेल्या कोऱ्या खोलीतच, आणि रंग द्यायचा तर सगळ्या मजल्याला एकदम. मजल्यावरील चार बिऱ्हाडे गेली तरी उरलेल्यांना दुसऱ्या मजल्यावर हलवल्याशिवाय रंगारी काम सुरू करू शकत नाही. चाळीत पुष्कळ मजले मोकळे असतील तर हे सुखाने होते. पण चाळ भरलेली असेल तर एका भाडेकरूसाठी केवढी धावपळ!

स्टिक भरत आली की ती मंदावते, त्याचे एक महत्त्वाचे कारण हे आहे. दुसरे कारण चालू कामापुरत्या स्मृतीचे, म्हणजे रॅमचे. ती बहुधा १ ते २ जीबीच असते, आणि पडद्याआड चालणारी ॲप्स तीही अडवून बसतात.

आता तुम्ही एखादे ॲप काढता तेव्हा काय होते? स्टिक प्रथम आपल्या अनुक्रमणिकेतील त्याची नोंद खोडते. 'ही बिऱ्हाडे गेली' एवढीच वर्दी. इलेक्ट्रॉन त्या क्षणी जागच्या जागी असतात! पुढे सवडीने गठ्ठे रिकामे केले जातात. अनुक्रमणिका गेली की घरबसल्या ती माहिती शोधता येत नाही आणि गठ्ठा पुसला की कोणालाच नाही.

न निघणारी ॲप्स

काही ॲप्सच्या बाबतीत 'अनइन्स्टॉल' हा पर्यायच दिसत नाही. कारखान्यातून येतानाच ती कार्यप्रणालीच्या राखीव भागात बसवलेली असतात. हा भाग आपल्याला वाचता येतो, बदलता येत नाही. स्टिक बिघडल्यास तिला मूळ स्थितीत आणता यावे म्हणून असा भाग हवाच. पण त्याच भागात कंपनीने आपल्या सोयीची ॲप्सही घातली, तर पैसे मोजणाऱ्याची जागा त्याला न विचारता अडते, हेही खरे. अशा ॲपला काही संचांवर 'डिसेबल' करता येते. मग ते चालत नाही, त्याची नंतर आलेली भर निघते. पण राखीव भागातली त्याची जागा मोकळी होत नाही. म्हणून स्टिक घेताना छापील आकड्याबरोबर 'यातली मोकळी जागा किती?' हेही दुकानदाराला विचारा.

रिमोट हाती घेण्यापूर्वी

आता वही-पेन्सिल घ्या. फायर टीव्हीवर 'सेटिंग्ज', मग 'ॲप्लिकेशन्स', मग 'मॅनेज इन्स्टॉल्ड ॲप्लिकेशन्स' येथे जा. गुगल टीव्हीवर 'सेटिंग्ज'मधील 'ॲप्स' येथे. प्रत्येक ॲपपुढे ॲप, कॅश आणि डेटा यांनी अडवलेली जागा लिहून तक्ता करा. मग घरातील प्रत्येकाला, विशेषतः आजी-आजोबांना, विचारा : यातले काय हवे? प्रथम फक्त कॅश पुसा आणि मोकळी झालेली जागा टिपा. नंतर कोणालाच नको असलेली ॲप्स 'अनइन्स्टॉल' करा. 'क्लिअर डेटा' शेवटी, आणि खात्याचा परवलीचा शब्द लिहून ठेवल्यावरच. स्टिक दुसऱ्याला द्यायची असेल तर मात्र 'फॅक्टरी रीसेट' करूनच द्या. पुढच्या महिन्यात तोच तक्ता पुन्हा भरा. कोणत्या ॲपची कॅश सर्वांत लवकर फुगली? कारण शोधा आणि वर्गात चर्चा करा.

आईची यादी मी तिच्याजवळ बसून पुन्हा तयार केली. दोन संध्याकाळी लागल्या. या वेळी ती वहीतही उतरवून ठेवली आहे.