वाट चुकवून पाहण्याचं पाव शतक

जीपीएसचा उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतो. तिथून निघालेला सिग्नल आपल्या फोनपर्यंत पोचतो तेव्हा त्याची ताकद एका वॉटच्या शंभर कोटी कोटींपैकी जेमतेम एका भागाइतकी उरलेली असते. त्याच्यावर कुरघोडी करायला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही, हे इंजिनिअरांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि सिग्नल मुद्दाम बंद पाडून काय काय कोलमडतं ते पाहणं वेगळं. हे दुसरं काम नागरी क्षेत्रात गंभीरपणे सुरू झालं ते या शतकात.

अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या व्होल्प केंद्राने जीपीएसच्या कच्च्या दुव्यांवर एक अहवाल केला होता. वाहतुकीचा सगळा भार या एकाच यंत्रणेवर टाकू नका, पर्याय हाताशी ठेवा, असा त्याचा रोख होता. तो जाहीर झाला १० सप्टेंबर २००१ रोजी. दुसऱ्याच दिवशी जगाचं लक्ष कुठे गेलं ते सांगायला नको.

खरी झडती झाली ती एप्रिल २००८ मध्ये, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फ्लॅम्बरो हेडच्या समोर. ब्रिटन आणि आयर्लंडच्या दीपगृह प्राधिकरणांनी आपलं ‘पोल स्टार’ हे जहाज जीपीएसचा सिग्नल दाबणाऱ्या जॅमरच्या पट्ट्यातून नेलं. जॅमर किनाऱ्यावर, ताकद दीड वॉटच्या आसपास. घरातल्या नाइट लॅम्पला याहून जास्त वीज लागत असेल. जहाज पट्ट्यात शिरलं आणि ब्रिजवर एकामागून एक अलार्म वाजायला लागले. दहाएक मिनिटं हे चाललं होतं. जीपीएसचे रिसीव्हर गेले, हे अपेक्षितच होतं. पण त्यांच्यामागोमाग आजूबाजूच्या जहाजांना आपली जागा कळवणारी एआयएस गेली, जहाज एका जागी धरून ठेवणारी यंत्रणा गेली, संकटात हाक मारायची रेडिओची डीएससी गेली. गायरोची दुरुस्ती करणारी यंत्रणासुद्धा गेली. गायरो कंपास हे दिशा दाखवणारं, जीपीएसच्या कितीतरी आधीचं साधन, पण त्याच्या दुरुस्तीचे आकडेही कुणीतरी कधीतरी जीपीएसकडून घ्यायला सुरुवात केली होती. इलेक्ट्रॉनिक नकाशा तर जागच्या जागी थिजला. काय होणार याची खलाशांना आगाऊ कल्पना दिलेली होती, म्हणून ते प्रत्येक अलार्म ओळखून हाताळू शकले. रात्रीच्या पाळीला, गर्दीच्या खाडीत, बेसावध माणसावर हेच गुदरलं तर काय, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

माझ्या मते या सगळ्या काळातली सर्वांत मोलाची नोंद हीच, कोण कोण बंद पडलं त्याची यादी. रिसीव्हर एकटा टेबलावर ठेवून, सिम्युलेटरची वायर जोडून किंवा बंदिस्त चेंबरमध्ये तपासता येतो, आणि बहुतेक चाचण्या तशाच होतात. उघड्या आकाशात जॅमर लावणं बहुतेक देशांत गुन्हाच आहे. पण टेबलावरच्या रिसीव्हरच्या पाठीमागे गायरो नसतो, नकाशा नसतो, धांदल उडालेला माणूसही नसतो.

पुढच्याच वर्षी ‘गॅलाटिया’ या जहाजावर जॅमरची ताकद आणखी उतरवून पाहिली. निकाल जास्त वाईट लागला. सिग्नल पुरता दबला की रिसीव्हर निदान हात वर करतो. अर्धवट दबला की तो चुकीची जागा दाखवत राहतो, आणि अलार्म वाजत नाही.

आणि अशा वेळी पर्याय म्हणून जे नाव पुढे येई त्या जमिनीवरून रेडिओ सिग्नल सोडणाऱ्या लोरान यंत्रणेचं काय झालं? ‘पोल स्टार’वरच्या चाचणीत तिची सुधारित आवृत्ती, ई-लोरान, बिनबोभाट चालत होती. अमेरिकेने फेब्रुवारी २०१० मध्ये आपलं लोरान बंद केलं. २०१५ च्या अखेरीस फ्रान्स आणि नॉर्वेने प्रक्षेपण थांबवलं. कारण पैशाचं होतं, आणि पैशाच्या हिशेबात न घडलेल्या अपघाताला रकाना नसतो.

दरम्यान जॅमर स्वस्त होऊन गाडीच्या लायटरच्या सॉकेटमध्ये येऊन बसला होता. न्यूअर्क विमानतळावर जीपीएसच्या आधारे विमानं उतरवण्याची नवी यंत्रणा तपासली जात असताना सिग्नल मधूनच गडबडायचा. शेजारून हायवे जातो, आणि आपण कुठे आहोत ते मालकाला कळू नये म्हणून काही ड्रायव्हर जॅमर लावून फिरत. २०१२ मध्ये असा एक जण सापडला; त्याला जवळजवळ बत्तीस हजार डॉलरचा दंड प्रस्तावित झाला. कोट्यवधींच्या यंत्रणेची चाचणी त्याने फुकटात करून दिली होती, हे कुणी त्याच्या बाजूने मांडल्याचं ऐकिवात नाही.

जॅमिंगमध्ये वाट हरवते. स्पूफिंगमध्ये खोटी वाट खरी म्हणून दाखवली जाते. टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हम्फ्रीज यांच्या गटाने जून २०१३ मध्ये, मालकाच्या संमतीने, ६५ मीटर लांबीच्या ‘व्हाइट रोझ ऑफ ड्राक्स’ या यॉटवर इटलीजवळच्या समुद्रात हे करून दाखवलं. ब्रीफकेसएवढ्या यंत्रातून खोटे सिग्नल आधी खऱ्यांच्या बरोबरीने सोडले, मग हळूहळू वरचढ केले. नकाशावर जहाज मार्गावरून किंचित सरकलेलं दिसलं, चालकांनी मार्ग ‘दुरुस्त’ केला, आणि त्या दुरुस्तीनेच जहाज खरोखर भरकटलं. जहाज वळतंय हे वर उभ्या माणसांना जाणवत होतं, पडद्यावरची रेषा मात्र सरळच होती.

२०२२ पासून नॉर्वेच्या अँडोया बेटावर, ब्लाइक या मासेमारीच्या गावाजवळ, दर सप्टेंबरात ‘जॅमरटेस्ट’ भरते. सरकारी संस्थाच परवानगीने सिग्नल दाबतात, फसवे सिग्नल सोडतात, घड्याळंसुद्धा पुढेमागे ढकलतात, आणि देशोदेशीचे लोक आपापली यंत्रं घेऊन येतात. डोंगर आडवे असल्याने उपद्रव फार पसरत नाही. गाडी, फोन, ड्रोन सगळं एकाच खोट्या आकाशाखाली उभं करता येतं. टेबलावरच्या चाचणीत जे राहून जातं ते इथे सापडतं. युरोपच्या गॅलिलिओने जुलै २०२५ मध्ये सिग्नलवर सही देण्याची सोय सुरू केली. त्याने तोतया ओळखता येईल. दाबलेला सिग्नल मात्र सहीनेही ऐकू येत नाही.

आता चाचणीची वाट कुणी पाहत नाही. एस्टोनियातल्या तार्तूला उतरायची पद्धत जीपीएसवर विसंबलेली होती आणि तिथे सिग्नलमध्ये अडथळे येत होते, म्हणून फिनएअरला २०२४ च्या एप्रिलअखेर तिथली उड्डाणं महिनाभर थांबवावी लागली. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, पुण्याचे मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत आकडा दिला: नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात जीपीएस सिग्नलमधल्या हस्तक्षेपाच्या ४६५ घटना, बहुतेक अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रकार दिल्लीपर्यंत पोचला. सरकारने संसदेत जे सांगितलं त्यातला एक तपशील ‘पोल स्टार’च्या यादीशेजारी ठेवण्याजोगा आहे: त्रास झाला तो जीपीएसच्या आधारे दहा क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या काही विमानांना. ज्या धावपट्ट्यांवर जमिनीवरची जुनी साधनं चालू होती, तिथल्या कामकाजावर परिणाम झाला नाही. अशा साधनांचं किमान जाळं भारताने अजून मोडीत काढलेलं नाही.